हूम

आमचं आडनाव मुलाणी. सोलापूरकडच्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. गावात बकरं पडो की कोंबडं, बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची ती मुलाण्यानं. मराठ्यांच्या घरची जत्रा असो की धनगराच्या घरचा नवस, मुलाणी आल्याशिवाय काम अडून राही. त्याबद्दल सुगीला ज्वारीचं बलुतं मिळे आणि कापलेल्यातला एक वाटा. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावचे मुलाणी होते. अब्बांनी ते काम केलं नाही. ते सोलापुरात गिरणीत लागले आणि तीस वर्षं साचेखात्यात राबले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले. आडनाव तेवढं मागे उरलं.

ही हकीकत एका पक्ष्याची आहे, पण ती सुरू होते दादांच्या सुरीपासून. म्हणून हे आधी सांगितलं.

२००६ सालच्या जुलैमधली गोष्ट. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून पक्ष्यांचा तक्ता करून घ्यायचा होता. मी चित्रं घरी आणून जमिनीवर पसरली होती. अब्बा तेव्हा शहात्तर वर्षांचे. साच्यांच्या खडखडाटानं कान गेलेले. दाराची बेल ऐकू येत नसे, नातवंडांचे बारीक आवाज येत नसत. ते काठी टेकत आले आणि चित्रांपाशी थांबले. मोर, पोपट, खंड्या यांच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. एका चित्रावर काठीचं टोक ठेवून म्हणाले, "ये तो तुगदार है."

चित्राखाली मी 'माळढोक' असं लिहिलं होतं.

"तुम्ही पाहिलाय, अब्बा?"

"पाहिलाय? मी त्याचे पाय धरले होते."

एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात कधी काढली नव्हती. त्या संध्याकाळी सांगितली.

अब्बा नऊ-दहा वर्षांचे असतील. म्हणजे १९३९-४० चा सुमार. पावसाळ्याचे दिवस. गावच्या इनामदारांकडे शिकारीला पाहुणे आले होते. त्या काळी आमच्या माळावर हे पक्षी दोन-दोन, तीन-तीन दिसत. बैलगाडीला पक्षी बिचकत नाही, म्हणून शिकारी गाडीच्या आड बसून जवळ जात. गोळी लागली पण पक्षी मेला नाही. पंख मोडून पळत सुटला. गावातला पोरगा दादांना बोलवायला धावत आला, कारण जीव जायच्या आत सुरी फिरली तरच ते खाता येणार. दादा सुरी घेऊन निघाले, मागून अब्बा. चार माणसांनी पक्षी दाबून धरला होता. दादांनी अब्बांना सांगितलं, "पाय पकड." अब्बांनी पकडले.

"पाव में तीनच उंगल्या थ्या," अब्बा म्हणाले. "मला वाटलं, मागचं बोट गोळीनं तुटलं. मी रक्त शोधत होतो. रक्त नव्हतं. दोन्ही पायांना तीन-तीनच."

दादांनी बिस्मिल्ला म्हटलं. अब्बांना आठवत होता तो पक्ष्याचा डोळा. पिवळसर, मोठा, माणसासारखा समोर बघणारा. मांस सगळ्या गावात वाटलं गेलं. मुलाण्याचा वाटा घरी आला. दादीनं शिजवलं. अब्बांनी खाल्लं. "अच्छा था," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "मेरेकू एक बार उसकू जित्ता देखना है. दूर से."

माळढोक म्हणजे काय चीज आहे, हे मला तेव्हा पुस्तकापुरतंच माहीत होतं. नर उभा राहिला तर जवळजवळ मीटरभर उंच, वजन बारा-पंधरा किलो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात जे सर्वांत जड आहेत, त्यांतला हा एक. मोकळ्या माळावर राहणारा. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते. त्याच्यावर पाय पडला, कुत्र्यानं खाल्लं, की त्या वर्षाचं सगळं संपलं. या पक्ष्याला शिकाऱ्यांनी कधी सोडलं नाही. बाबर बादशहानं आपल्या आठवणींत याच कुळातल्या खर्चल नावाच्या पक्ष्याच्या मांसाची तारीफ करून ठेवली आहे. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजानं एकट्या अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. ९६१! हा आकडा वाचला तेव्हा दादांची सुरी मला फार लहान वाटली. पण अब्बांना तो आकडा सांगितला, तर ते म्हणाले, "ते त्याचं. आपलं आपण बघायचं."

आपलं बघायचं म्हटलं, तर आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला चांगली माहीत होती.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर हे पक्षी टिकून आहेत, हे १९७० नंतरच्या काळात सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांच्यामुळे बाहेरच्या जगाला कळलं. १९७९ साली सरकारनं माळढोक अभयारण्य जाहीर केलं. पण केवढं? सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतलं मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आले, शेतं आली. आमची चार एकर कोरडवाहू जमीनही आली. कागदावर ते सगळं त्या पक्ष्याचं घर झालं.

१९८८ साली माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. अब्बांनी दोन एकर विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं, बोलणी झाली, आणि कागद अडला. जमीन अभयारण्यात येते, व्यवहार होणार नाही. अब्बा रजा काढून, पगार कापून घेऊन कचेरीत खेपा घालत राहिले. कुणी म्हणे वरून परवानगी आणा, कुणी म्हणे पुढल्या महिन्यात या. शेवटी अम्मीच्या पाटल्या गेल्या आणि वर कर्ज झालं. ते कर्ज फेडता फेडता अब्बांची गिरणी बंद पडली. गावात एक म्हातारे पाटील हसून म्हणाले होते, "मुलाणी, तुम्ही त्याला खाल्लं, आता तो तुम्हाला खातोय."

त्या दिवसांत आमच्या घरात माळढोकाचं नाव शिवीसारखं निघे. अम्मी तर पाऊस आला नाही तरी त्यालाच बोल लावायची. आम्ही कुणी तो पक्षी पाहिला नव्हता. बहुतेकांनी पाहिला नव्हता. न पाहिलेल्या पक्ष्याचा एवढा राग तालुक्याच्या तालुक्यांनी केला, आणि तो राग खोटाही नव्हता. ज्यांनी कागदावर रेघ ओढली त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं, आणि पक्ष्यालाही.

म्हणून अब्बांनी तो पक्षी बघायचा म्हटल्यावर अम्मी चिडली. "बुढापे में अकल गयी," म्हणाली. पण निघायच्या दिवशी पहाटे उठून तिनंच कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

ऑगस्टचा दुसरा आठवडा. पावसाळ्यात नर आवाज देतात, तेव्हाच दिसण्याची आशा जास्त, असं वनखात्यातल्या एका माणसानं सांगितलं होतं. बार्शीकडे जाणाऱ्या एसटीनं आम्ही नान्नजला उतरलो. सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटर. नान्नज म्हटलं की लोकांना द्राक्षं आठवतात. 'सोनाका' हा द्राक्षाचा वाण याच गावच्या शेतकऱ्यानं जगाला दिला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा होत्या. मग बागा संपल्या आणि माळ सुरू झाला.

मी सोलापूर जिल्ह्यात जन्मले, वाढले, पण माळ असा कधी पाहिला नव्हता. आपण माळ म्हणजे ओसाड समजतो. पड जमीन म्हणतो. पावसानंतर तिथं गुडघाभर गवत होतं, वाऱ्यानं एकाच बाजूला लवलेलं. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात गवत राखण्यासाठी तिथं कुरणं अडवली होती. दुष्काळासाठी केलेलं ते काम या पक्ष्याच्या उपयोगी पडलं, तो तिथं अंडी घालू लागला. सरकारनं पक्ष्यासाठी केलेलं माणसाला नडलं आणि माणसासाठी केलेलं पक्ष्याला फळलं, असं काहीसं. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी याच माळावर बसून माळढोकाचा अभ्यास करत होते.

वनरक्षक तरुण होता, जवळच्याच गावचा. अब्बांकडे बघून म्हणाला, "चाचा, चालणं होईल का?"

"ना झालं तर बसंन," अब्बा म्हणाले.

पहिला दिवस फुकट गेला, असं म्हणायला पाहिजे. पण तसं म्हणवत नाही. काळविटांचा एक कळप दिसला. नर काळाभोर, पिळदार शिंगांचा. माळटिटव्या ओरडत होत्या. चंडोल वर वर चढत गात होते. मी अब्बांना बोट दाखवून सांगायची, "ऐकू येतंय?" ते मान हलवायचे, नाही. दुपारी लांब गवतात काहीतरी पांढरं उभं दिसलं. आम्ही अर्धा तास श्वास रोखून बघत राहिलो. वनरक्षक पाणी भरून आला, त्यानं दुर्बीण लावली आणि हसला. हद्दीचा चुना लावलेला दगड होता. अब्बाही हसले. "इत्ती देर तो हिल्या नहीं, मैं बोल्या बडा सबरवाला है."

रात्री नान्नजमध्येच लांबच्या नात्यातल्या एका फुप्फूकडे उतरलो. जेवताना अब्बांनी तिच्या नातवाला विचारलं, घागर आहे का? रिकामी पितळी घागर आली. अब्बांनी तिच्या तोंडाशी तोंड नेऊन आत आवाज घुमवला. खोल, लांबलेला. हूऽम. पोरं हसली. "हमारे वालिद करते थे," अब्बा म्हणाले. "तुगदार ऐसाच बोलता." आपल्याकडे या पक्ष्याला हूम असंही म्हणतात, ते या आवाजावरून.

फुप्फूच्या घरात मला झोप लागली नाही. सालिम अली आठवत होते. मुलांना त्यांचा धडा शिकवताना मी एक गोष्ट नेहमी सांगत असे. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग हिचं मांस हलाल की नाही, अशी शंका त्या पोराला आली. तो चिमणी घेऊन मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. मामा स्वतः शिकारी. त्यांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. तिथून एका माणसाचं आयुष्य बदललं आणि या देशाचा पक्ष्यांचा अभ्यासही. वर्गात मी ही गोष्ट कुतूहलाचं उदाहरण म्हणून सांगायची. त्या रात्री ती वेगळी वाटली. एका मुसलमान घरातल्या पोरानं पक्षी हातात धरून विचारलं, हा कोण आहे? माझ्या अब्बांनीही पक्षी हातात धरला होता, बोटं मोजली होती, मागचं बोट कुठं गेलं म्हणून विचारात पडले होते. त्यांना चिठ्ठी देऊन पाठवणारा मामा नव्हता आणि जायला मुंबई नव्हती. त्यांचा प्रश्न सदुसष्ट वर्षं तसाच राहिला.

याच सालिम अलींनी पुढं माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करा असं सुचवलं होतं. १९६३ साली मान मोराला मिळाला. मोर सुंदर आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण माळढोक राष्ट्रीय पक्षी झाला असता, तर माळाला कुणी पड जमीन म्हणालं नसतं, असं आपलं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. गवतात लपण म्हणून उभी केलेली एक खोपी होती. आत दोन माणसं कशीबशी बसतील एवढी. अब्बांनी बाहेर पोत्यावर फजरची नमाज पढली. बुरबुर पाऊस येऊन गेला होता, पोतं ओलं झालं. मग आम्ही आत बसलो. वनरक्षक मागे वाकून उभा.

उजाडलं. चंडोल गाऊ लागले. अब्बा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोप लागली. एवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"बोल्या," ते म्हणाले.

मला काही ऐकू आलं नव्हतं. वनरक्षकाकडे पाहिलं. त्यानं बोट ओठावर ठेवलं आणि मान डोलावली. मी चंडोलांचा आवाज मनातून बाजूला सारला, तेव्हा कुठं खालून, जमिनीतून आल्यासारखं काहीतरी जाणवलं. हूऽम. थांबून पुन्हा. नंतर एका कानाच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की गोंगाटात काम करणाऱ्यांचे आधी बारीक, उंच आवाज जातात. खोल आवाज बरेच दिवस राहतात. साच्यांनी अब्बांचे चंडोल नेले होते, हूम ठेवला होता.

तो उंचवट्यावर होता, दोनशे-अडीचशे पावलांवर. यावेळी दगड नव्हता. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. मग बघता बघता त्यानं गळ्याची पिशवी फुगवली. ती पांढरी पिशवी खाली खाली लोंबत जवळजवळ गवतापर्यंत आली. शेपटी पाठीवर उलटली. तो सावकाश वळायचा, थांबायचा, आवाज द्यायचा. एवढा मोठा जीव, पण चालायचा कसा, तर ओल्या फरशीवर जपून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा. आजूबाजूला मादी दिसत नव्हती. तो तरीही बोलत होता.

मी दुर्बीण अब्बांच्या डोळ्यांना लावली. त्यांचे हात थरथरत होते, म्हणून मीच धरून ठेवली. ते किती वेळ बघत होते, सांगता येत नाही. माझा हात भरून आला होता.

मग त्यांनी वनरक्षकाला हळूच विचारलं, "याच्या पायाला मागचं बोट असतंय का?"

"नसतंय, चाचा. तीनच बोटं. म्हणून तो झाडावर बसत न्हाई. सगळं आयुष्य जमिनीवरच."

"म्हणजे तुटलं नव्हतं," अब्बा म्हणाले.

वनरक्षकाला काही कळलं नाही. परत येताना, पक्षी उताराला उतरून दिसेनासा झाल्यावर, अब्बांनी त्याला सगळं सांगितलं. इनामदारांचे पाहुणे, सुरी, पाय. मला वाटलं, पोरगा काही बोलेल. खात्याचा माणूस होता. तो काही पावलं गप्प चालला. मग म्हणाला, "गावात वाटलं म्हणताय ना, चाचा? मग सगळ्यांनीच खाल्लं. असा वाटा आमच्या घरी बी कधीतरी आला असंल."

अब्बा थांबले. काठी काखेत धरून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काही झालं नाही.

घरी आल्यावर अम्मीनं विचारलं, "दिखा?" अब्बा म्हणाले, "दिखा. अच्छा है." त्यानंतर आमच्या घरात माळढोकाला कुणी शिवी दिली नाही. अब्बा २०१० साली गेले.

गोष्ट इथं संपवता आली असती. वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं, मलाही. पण माझ्या वाट्याचं अजून सांगायचं राहिलं आहे.

२०१२ च्या सुमारास अभयारण्याची हद्द कमी झाली. ८,४९६ चौरस किलोमीटरचे १,२२२ राहिले. आधीची रेघ वेडीवाकडी होती, ती बदलायलाच हवी होती, हे मी आजही म्हणेन. आमचं गाव बाहेर आलं. चार एकर मोकळी झाली. ज्या दिवशी ही बातमी कळली, त्या दिवशी भाईजाननं पेढे आणले. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. मीही खाल्ला. २००६ साली जिचा हात धरून अब्बा "बोल्या" म्हणाले होते, तीच मी. पुढल्या वर्षी जमीन विकली. मुलीचा हिस्सा म्हणून माझ्या वाट्याला जे आलं, ते मी घेतलं. तो माझा हक्क होता. घेताना त्या पक्ष्याची आठवण आली नाही. आली असती, तरी मी घेतलं असतं. हे खोटं कशाला सांगू?

त्या जमिनीवर आता ऊस आहे. उजनीचं पाणी आलं, विंधनविहिरी झाल्या. शेतकऱ्यानं ऊस लावला तर त्याला दोष कोण देणार? तिथं पूर्वी गवत होतं आणि गवतात नाकतोडे. ते खायला पक्षी येत असणार. कदाचित १९३९ सालचा तो पक्षीही तिथूनच उठला असेल.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी माझ्या नातीला घेऊन नान्नजला गेले. ती तेव्हा अकरा वर्षांची. वनरक्षक दुसरा होता. आम्ही दोन दिवस बसलो. काळवीट दिसले. लांडगा दिसला, लांबून, तो आमच्याकडे बघत होता. चंडोल होते. नात वहीत सगळ्यांची नावं लिहीत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी डोळे मिटून बसले, अब्बा बसले होते तशी. माझे कान अजून चांगले आहेत. काही आलं नाही. वनरक्षक म्हणाला, "एखादा कधी दिसतोय, न्हाईतर महिन्येच्या महिने न्हाई."

आज सगळ्या देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. तिथं विजेच्या तारांवर आपटून मरतात. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, आणि शरीर एवढं जड की आयत्या वेळी वळता येत नाही. जैसलमेरजवळ सम इथं २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चाललंय. २०२४ साली कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. ती बातमी मी कापून ठेवली आहे. पिल्लं होतील. ती सोडायला माळ कुठून आणायचा, हा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरातले चार एकर आम्ही विकून बसलो आहोत.

दादांच्या सुरीचा हिशोब अब्बांनी आपल्या परीनं दिला. सदुसष्ट वर्षांनी दिला, पण दिला. पेढ्याचा हिशोब माझ्याकडे बाकी आहे. सुरी डोळ्यांना दिसते, रक्त दिसतं, बोटं मोजता येतात. पेढ्यात काही दिसत नाही. म्हणून तो हिशोब अवघड.

येताना एसटीत नातीनं विचारलं, "नानी, तो बोलायचा म्हणजे कसा?" मी तोंडानं करून बघितलं. जमलं नाही. घरी आल्यावर माळ्यावरची जुनी पितळी घागर काढली. अब्बांनी फुप्फूकडे केलं होतं तसं केलं. पहिल्यांदा नुसती फुंकर गेली. मग आवाज लागला. नातीनं घागर माझ्या हातातून घेतली.

ती अजून अधूनमधून संध्याकाळी गच्चीवर घागर घेऊन बसते. खाली रस्त्यानं जाणारी माणसं वर बघतात. काय वाजतंय, ते त्यांना कळत नाही.